तडा गेलेला आउटबोर्डचा ब्लॉक: बडोद्यात काय दुरुस्त होतं, काय बदलावंच लागतं

बडोद्यात आउटबोर्ड इंजिनाच्या, म्हणजे होडीच्या मागे बाहेरून लावायच्या इंजिनाच्या, ब्लॉकचं (सिलिंडर असलेल्या मुख्य ओतीव भागाचं) वेल्डिंग करून मिळतं आणि ते चांगलं मिळतं, हे आधीच सांगून टाकतो. पण ही सेवा एका छपराखाली मिळत नाही. वेल्डिंग मकरपुरा जीआयडीसी या औद्योगिक वसाहतीतल्या एका शेडमध्ये, तुटलेला बोल्ट काढायला दुसऱ्या गाळ्यातली टूलरूम, बोअरिंग, म्हणजे सिलिंडर आतून मापात कापणं, ट्रक-ट्रॅक्टरची इंजिनं करणाऱ्या तिसऱ्याकडे आणि पिस्टन-गास्केट मागवायला कंपनीचा डीलर. या साखळीत कुठली कडी मजबूत आहे आणि कुठे स्वतः उभं राहून काम करून घ्यावं लागतं, ते इथे लिहितो. हिशेबाला धरलेलं इंजिन म्हणजे कामाच्या होड्यांवर सर्रास दिसणारं यामाहाचं एन्ड्युरो ४०: टू-स्ट्रोक, दोन सिलिंडर, ७०३ सीसी, बोअर (सिलिंडरचा व्यास) ८० मिमी, स्ट्रोक (पिस्टनची चाल) ७० मिमी. दुसऱ्या कंपनीचं टू-स्ट्रोक असेल तरी मापं सोडता बाकी सगळं लागू पडेल.

सगळ्यात आधी तडा कुठे आहे ते नीट बघा. दुरुस्ती की बदली हा निर्णय तिथेच होतो. वेल्डर किती हुशार आहे यावर तो फारसा ठरत नाही. सिलिंडरभोवती पाणी खेळवणाऱ्या पोकळीची, म्हणजे वॉटर जॅकेटची, बाहेरची भिंत जेमतेम चार-पाच मिमी जाड असते. तिथे ना स्फोटाचा दाब, ना बेअरिंगचा भार. तडा तिथे असेल तर वेल्डिंग करा, निःशंक करा. हेडचा बोल्ट ज्या उंचवट्यात बसतो तो फुटला असेल तरी धातू भरून, नवं भोक पाडून, हेलिकॉइल (तारेच्या स्प्रिंगसारखे तयार आटे) बसवून काम होतं. एक्झॉस्टच्या बाजूची भिंत, जिच्या एका अंगाला जळका वायू आणि दुसऱ्या अंगाला पाणी, ती मात्र अवघड. वर्षानुवर्षांच्या गंजाने ती कागदासारखी झालेली असते आणि टॉर्च आत पोचवायला जागा नसते. तिथे एक्झॉस्ट कव्हर काढून स्क्रूड्रायव्हरच्या टोकाने आधी ठोकून बघा. टोक रुतलं तर तो ब्लॉक वेल्डरकडे नेऊच नका.

क्रँककेसमध्ये (क्रँक जिच्यात फिरते त्या पेटीत), मेन बेअरिंगच्या बैठकीजवळ तडा असेल किंवा कनेक्टिंग रॉडने भिंत फोडून बाहेर तोंड काढलं असेल, तर दुरुस्तीचा विचार सोडून द्या. चारचाकीच्या ब्लॉकला ठिगळ लावून चालवलेली उदाहरणं लोक सांगतात, पण टू-स्ट्रोकमध्ये क्रँककेस ही नुसती पेटी नसते. पिस्टन खाली येताना तिथेच पेट्रोल-हवेचं मिश्रण दाबलं जातं आणि पोर्टमधून, म्हणजे सिलिंडरच्या भिंतीतल्या खिडक्यांतून, वर ढकललं जातं. तिथे केसाएवढी गळती राहिली तरी हवा आत ओढली जाते, मिश्रणात पेट्रोल कमी पडतं आणि तापलेला पिस्टन त्या सिलिंडरमध्ये पुन्हा अडकून बसतो. शिवाय वेल्डिंगच्या उष्णतेने बेअरिंगच्या बैठका एका रेषेत राहत नाहीत. क्रँक हाताने फिरताना जड लागली की समजायचं.

लाइनरलाच, म्हणजे पिस्टन जिच्यात सरकतो त्या सिलिंडरच्या आतल्या नळीलाच, तडा असेल तर? हा लाइनर बिडाचा असतो आणि ॲल्युमिनियम त्याच्याभोवती ओतलेलं असतं. जुना कापून नवा बसवणं शक्य आहे, पण टू-स्ट्रोकच्या लाइनरमध्ये पोर्टच्या खिडक्या अगदी अचूक उंचीवर हव्यात. खिडक्यांसकट तयार स्लीव्ह (नवी लाइनर नळी) हातात असेल तरच या वाटेला जा. साधी नळी आणून तिच्यात खिडक्या पाडून देतो असं कुणी म्हणालं तर ब्लॉक परत घेऊन या.

ब्लॉक उघडण्याआधी एक गोष्ट करा, कारण निम्म्या वेळा तडा नसतोच. प्लग काढल्यावर एक पांढुरका-ओला, पिस्टनचा माथा वाफेने धुतल्यासारखा चकचकीत आणि दुसरा नेहमीसारखा काळा, म्हणजे त्या सिलिंडरमध्ये पाणी जातंय. पण ते हेड गास्केट जळाल्यानेही जातं. दोन्ही सिलिंडरचं कॉम्प्रेशन घ्या: इंजिन गरम, दोन्ही प्लग बाहेर, थ्रॉटल पूर्ण उघडा. दोघांत दहा टक्क्यांपेक्षा जास्त फरक असेल तर हेड उतरवा. आधी गास्केटवर जळका पट्टा दिसतो का ते बघा, मग हेडवर सरळ पट्टी तिरकी ठेवून फीलर गेजने (ठरावीक जाडीच्या पातळ पात्यांनी) वाक तपासा. ०.१ मिमीची पाती आत शिरत असेल तर हेडच वाकलंय. आउटबोर्ड टू-स्ट्रोकला तळाच्या चेंबरमध्ये साठवलेलं ऑइल नसतं, त्यामुळे फोर-स्ट्रोकसारखं दुधाळ झालेलं ऑइल डिपस्टिकवर शोधत बसू नका.

तडा आहे की नाही याची खरी साक्ष डीपी (डाय पेनिट्रंट) टेस्ट, म्हणजे भेगेत रंग मुरवून ती दाखवणारी चाचणी, देते, आणि इथे बडोदा इतर शहरांच्या पुढे आहे. कोयलीची रिफायनरी, जीएसएफसीचा खत कारखाना, नंदेसरीचे केमिकल कारखाने यांच्यासाठी टाक्या आणि प्रेशर व्हेसल बनवणाऱ्या शेडमध्ये डीपीचे तीन डबे, क्लीनर, लाल रंग आणि पांढरा डेव्हलपर, कायम असतात. ब्लॉक स्वच्छ करून लाल रंग मारायचा, दहा ते वीस मिनिटं मुरू द्यायचा, कापडाने पुसायचा आणि पांढरा फवारा मारायचा. भेग असेल तिथे लाल रेघ वर येते. रंग पुसताना क्लीनर थेट ब्लॉकवर फवारू नये, कापडावर घ्यावा. नाहीतर भेगेतला रंगही धुतला जातो आणि ब्लॉक निर्दोष असल्याचा खोटा निकाल मिळतो. रेघ दिसते त्याच्या दोन्ही टोकांना पंचाने खूण करून घ्या. डोळ्यांना दिसणारा तडा जिथे संपतो, तिथून पुढे बऱ्याचदा बोटभर अंतर तो गेलेला असतो.

आता वेल्डिंग. मकरपुऱ्यातल्या आणि गोरव्यातल्या टिग (आर्गॉन वायूच्या आवरणातलं वेल्डिंग) वेल्डरांचा हात स्टेनलेस स्टीलवर बसलेला आहे. त्यांचा मणी (वेल्डिंगने उमटणारी धातूची रेघ) बघत राहावा असा असतो. पण पत्र्याचं ॲल्युमिनियम आणि डायकास्ट ॲल्युमिनियम यांत जमीन-अस्मानाचं अंतर आहे. आउटबोर्डचा ब्लॉक सिलिकॉनचं प्रमाण भरपूर असलेल्या मिश्रधातूचा, साच्यात दाबाने ओतलेला. ओतताना अडकलेला वायू आणि वर्षानुवर्षं मुरलेलं ऑइल-मीठ आर्क लागताच उकळून वर येतं, मणी काळा पडतो आणि त्यात सुईच्या भोकांसारखी छिद्रं राहतात. म्हणून चौकशी करताना “ॲल्युमिनियम करता का?” असं विचारू नका, सगळे हो म्हणतील. “कास्टिंग करता का, आणि कुठल्या सळईने?” असं विचारा. उत्तर ४०४३ किंवा ४०४७ आलं तर माणूस जाणता आहे. ४०४३ मध्ये सुमारे ५ टक्के सिलिकॉन, ४०४७ मध्ये सुमारे १२. दुसरी जास्त प्रवाही, भेगेत नीट उतरते आणि थंड होताना तडकण्याची शक्यता कमी. ५३५६ ही मॅग्नेशियमची सळई जवळजवळ प्रत्येक शेडमध्ये पडलेली असते. पत्र्याला ती उत्तम, या ब्लॉकला नको.

चांगल्या शेडमध्ये काम असं चालतं. ब्लॉक पूर्ण मोकळा: क्रँक, पिस्टन, बेअरिंग, सील, थर्मोस्टॅट, झिंक ॲनोड (ब्लॉकऐवजी स्वतः गंजणारा जस्ताचा तुकडा), सगळं बाहेर. डिग्रीझरने धुवायचा. कॉस्टिकच्या टाकीत बुडवणाऱ्याला तिथेच थांबवा, कॉस्टिक ॲल्युमिनियम खातं. बिडाची इंजिनं धुणाऱ्यांच्या हे लक्षात राहत नाही. मग ओव्हनमध्ये १५० ते २०० अंशांवर तास-दोन तास, म्हणजे मुरलेलं ऑइल बाहेर येतं. ते पुसून पुन्हा एकदा. भेगेच्या दोन्ही टोकांना, डीपीने दाखवलेल्या टोकांना, अडीच-तीन मिमीचं भोक पाडायचं, म्हणजे तडा पुढे पळत नाही. भेग व्ही आकारात उघडायची ती कार्बाइडच्या बरने (दातेरी फिरत्या कटरने). ग्राइंडिंगच्या दगडाने नाही, कारण दगडाचे कण मऊ धातूत रुततात आणि वेल्डमध्ये घाण होऊन बसतात. उघडलेला धातू चांदीसारखा पांढरा दिसेपर्यंत खणायचं; राखाडी दिसत असेल तर अजून गंजच आहे. शेवटी स्टेनलेसचा ब्रश, तोही फक्त ॲल्युमिनियमसाठी राखलेला, आणि ॲसिटोन.

हेड बसतं त्या तोंडावर जाड लोखंडी प्लेट बोल्टने आवळून मगच आर्क लावावा. प्लेट नसेल तर जुनं हेडही चालतं. हे केलं नाही तर वेल्ड आकसताना तोंड वाकतं आणि नंतर सर्फेसिंगमध्ये, म्हणजे तोंड सपाट करताना, इतका धातू काढावा लागतो की कॉम्प्रेशन वाढून बसतं. प्रीहीट साधारण १५० अंश, टेम्परेचर चॉकने तपासलेला. फार तापवला तर लाइनर आणि ॲल्युमिनियममधली पकड सैल होते, कारण ॲल्युमिनियम बिडाच्या दुपटीने फुगतं. करंट एसी, गॅस शुद्ध आर्गॉन, मणी वीस-पंचवीस मिमीचा, मग थांबा, दुसऱ्या टोकाला जा. प्रत्येक मण्यावर गोल तोंडाच्या हातोडीने हलके ठोके, म्हणजे आकसण्याचा ताण मोडतो. पहिला मणी काळा, फसफसलेला निघाला तर त्याच्यावर दुसरा चढवायचा नाही. खरवडून काढायचा आणि पुन्हा घालायचा. जुन्या ब्लॉकला हे दोन-तीनदा करावं लागतं, आणि घाईतला वेल्डर नेमका इथेच हात आखडतो. काम संपल्यावर ब्लॉक सिरॅमिक ब्लँकेटमध्ये गुंडाळून रात्रभर ठेवायचा. पंख्याखाली ठेवलेला ब्लॉक सकाळी वेल्डच्या शेजारी नव्याने तडकलेला सापडतो.

या टप्प्याला बडोद्याला मी पूर्ण गुण देईन, अट एकच: सळई आणि प्लेट या दोन गोष्टी आधी ठरवून घ्या.

तुटलेले बोल्ट हा तसा वेगळा विषय, पण ब्लॉक वेल्डरकडे जायच्या आधी तो सुटलेला असावा. खंभातच्या आखाताकडे, मही आणि नर्मदेच्या मुखाजवळ चाललेल्या इंजिनात स्टीलचा बोल्ट ॲल्युमिनियममध्ये अक्षरशः सिमेंट झालेला असतो. पाना लावून जोर केला की बोल्ट तुटतो किंवा उंचवटाच तडकतो. किती तरी “तडे” मेकॅनिकच्या पान्यानेच जन्माला येतात. मकरपुऱ्यातल्या डाय-मोल्ड बनवणाऱ्या टूलरूममध्ये स्पार्क इरोजनचं मशीन असतं. ते बोल्टच्या मधोमध धातू जाळत खाली जातं, आजूबाजूच्या आट्यांना हात न लावता. ड्रिलने वाकडं भोक पाडून घेण्यापेक्षा हे केव्हाही चांगलं. काम तासाभराचं, दर्जा उत्कृष्ट, आणि लहान काम म्हणून कुणी नाक मुरडत नाही.

बोअरिंगच्या कडीपाशी मात्र जपून. ही दुकानं ट्रक, ट्रॅक्टर आणि मोटारसायकलची इंजिनं करतात आणि बोअर सरळ, गोल, मापात काढून देतात. त्यात खोट नाही. मापं तुम्ही स्वतः बोअर गेजने वर-मध्ये-खाली आणि आडवी-उभी घ्या. वरून खाली निमुळतेपणा ०.०८ मिमीपेक्षा किंवा गोलाईतला फरक ०.०५ मिमीपेक्षा जास्त असेल तर ओव्हरसाइज (मूळ मापापेक्षा मोठा बोअर) काढावं लागेल. तुमच्या मॉडेलचा अचूक आकडा सर्व्हिस मॅन्युअलमध्ये बघा. पिस्टन ०.२५ आणि ०.५० मिमी ओव्हरसाइजमध्ये येतात. पिस्टन हातात आल्याशिवाय बोअर करू देऊ नका. पिस्टन मोजून, त्यावर क्लिअरन्स (पिस्टन आणि भिंत यांतली फट) धरून बोअर काढायचा असतो.

खरी अडचण पोर्टच्या कडांची. बोअरिंग आणि होनिंगनंतर (बारीक दगडाने आतून घासल्यावर) खिडक्यांच्या कडा ब्लेडसारख्या धारदार राहतात. फोर-स्ट्रोकमध्ये खिडक्याच नसतात, म्हणून ट्रकवाल्या कारागिराच्या हाताला ती सवय नसते. तशाच कडांवर इंजिन जोडलं तर रिंग खिडकीत किंचित फुगते, धारेवर अडकते आणि तुटते. तुकडा पिस्टन आणि हेड दोन्ही फोडतो. नवीन बोअर, नवीन पिस्टन, सगळं काही मिनिटांत मातीत. प्रत्येक खिडकीच्या वरच्या आणि खालच्या कडेला बारीक दगडाने हलका, एकसारखा चॅम्फर (मोडलेली तिरकी कड) हवा, नखाने चाचपलं तर धार लागू नये इतका. कारागिराला पोर्ट दाखवून, बोट फिरवून समजावून सांगा. “थई जशे” (होऊन जाईल) या उत्तरावर ब्लॉक सोडून घरी जाऊ नका. होनिंगच्या आडव्या-तिडव्या रेघा साधारण ४५ अंशांच्या हव्यात, आणि नंतर ब्लॉक साबणाच्या गरम पाण्याने धुतला पाहिजे. पेट्रोलने नाही. पेट्रोल होनिंगची पूड रेघांत तशीच ठेवतं. पांढरं कापड बोअरमधून फिरवून पांढरंच बाहेर आलं की झालं.

सर्फेसिंगला मोठं मशीन लागतंच असं नाही. सर्फेस प्लेटवर ४०० नंबरचा एमरी पेपर चिकटवून ब्लॉकचं तोंड इंग्रजी आठच्या आकड्यात फिरवलं तर ०.१ मिमीच्या आतला वाक हाताने निघतो. ज्या जागा चकाकतात त्या उंच, ज्या काळ्या राहतात त्या खोल. सगळं एकसारखं राखाडी दिसलं की थांबायचं.

प्रेशर टेस्ट ही या शहरातल्या सेवेची सगळ्यात कच्ची बाजू आहे. साधनं आहेत, पण न मागता कुणी करत नाही. वेल्डरला वाटतं बोअरवाला करेल, बोअरवाल्याला वाटतं मेकॅनिक करेल, आणि गळती कळते ती होडी पाण्यात गेल्यावर. खर्च जवळजवळ नाहीच. दहा मिमीची लोखंडी प्लेट, खाली रबराची शीट, वॉटर जॅकेटची सगळी तोंडं बंद, एका भोकाला हवेचा निप्पल आणि गेज. दाब एक ते दीड बार, त्याहून जास्त नको. ब्लॉक साठ-सत्तर अंश गरम पाण्याच्या पिंपात बुडवून पंधरा-वीस मिनिटं बघत बसायचं. पाणी गरम हवं, कारण काही भेगा धातू फुगल्यावरच तोंड उघडतात. वेल्डच्या मण्यातून सुईच्या टोकाएवढे बुडबुडे आले तर ती छिद्रं आहेत; तेवढाच भाग खणून पुन्हा वेल्ड करता येतो. मण्याच्या शेजारून, मूळ धातूतून आले तर तडा पुढे गेलाय. ही टेस्ट बोअरिंगच्या आधी करा, नाहीतर बोअरिंगचे पैसे फुकट जातील. आणि वेल्डरचे पूर्ण पैसे टेस्ट झाल्यावर द्यायचे हे ब्लॉक ठेवतानाच बोलून घ्या. चांगला वेल्डर याला कधी हरकत घेत नाही.

इपॉक्सीबद्दल लोक खूप विचारतात. डेव्हकॉन, जे-बी वेल्ड, अरल्डाइट यांतलं धातूसाठीचं दोन घटकांचं इपॉक्सी वॉटर जॅकेटच्या बाहेरच्या भिंतीला खरंच टिकतं, कारण थर्मोस्टॅट ठीक असलेल्या आउटबोर्डमध्ये तिथलं पाणी फार तापत नाही. भेग व्ही करून, ॲसिटोनने पुसून, खरखरीत पृष्ठभागावर लावून पूर्ण एक दिवस सुकू दिलं तर हंगाम निघतो. हेडजवळ, एक्झॉस्टजवळ ते लावू नका. आणि नंतर वेल्ड करायचंच असेल तर आधी इपॉक्सी लावू नका. ते जळून भेगेच्या तळाशी काजळी होऊन बसतं आणि वेल्डरला दुप्पट खणावं लागतं.

गॅस टॉर्चने वितळणाऱ्या, जस्ताच्या “ॲल्युमिनियम सळया” ऑनलाइन खूप विकल्या जातात. गोड्या पाण्यात, आजवा सरोवर किंवा वरच्या नर्मदेत चालणाऱ्या इंजिनाला तात्पुरतं ठीक. खाऱ्या पाण्यात ते जस्त ॲनोडसारखं स्वतः झिजत जातं आणि सांधा उकलतो. पिना ठोकून भेग शिवणारं मेटल स्टिचिंग बिडाच्या जाड कास्टिंगसाठी उत्तम काम आहे, पण चार-पाच मिमीच्या या भिंतीत पिनेच्या आट्यांना पुरेशी पकड मिळत नाही. ते सुचवणाऱ्याने आउटबोर्डचा ब्लॉक हातात घेतलेला नसावा.

बदली करायची ठरली तर एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा: सिलिंडर ब्लॉक आणि क्रँककेस ही जोडी आहे. दोन्ही अर्धे एकत्र आवळूनच कारखान्यात बेअरिंगच्या बैठका कापलेल्या असतात, म्हणून कंपनीही ती जोडीनेच विकते. एका इंजिनाचा ब्लॉक आणि दुसऱ्याची क्रँककेस जोडली तर क्रँक एका रेषेत बसत नाही. डीलरकडे जाताना क्लॅम्प ब्रॅकेटवरच्या (इंजिन होडीला आवळणाऱ्या भागावरच्या) पट्टीचा फोटो न्या, मॉडेल आणि सीरियल नंबर दोन्ही दिसतील असा. नुसतं “यामाहा चाळीस” सांगून मागवलेलं गास्केट बसेलच असं नाही. जोडीबरोबर काय येतं, काय नाही हेही आधी विचारा. पिस्टन, रिंगा, बेअरिंग, सील, गास्केट किट बऱ्याचदा वेगळं घ्यावं लागतं.

जुना ब्लॉक घेताना बोअर मोजा, एक्झॉस्टच्या बाजूला किती बोल्ट तुटलेले आहेत ते मोजा, हेडच्या तोंडावर गंजाचे खड्डे गास्केटच्या रेषेपर्यंत पोचलेत का ते बघा, आणि बेअरिंगची जागा धरून ठेवणाऱ्या पिनांची भोकं लांबट झालेली नाहीत ना ते बोटाने चाचपा. दोन अर्धे एकाच इंजिनाचे आहेत याची खात्री पटली नाही तर तो ब्लॉक कितीही स्वस्त असला तरी घेऊ नका. रंग नवा मारलेला असेल तर वॉटर जॅकेटवरचा रंग खरवडून डीपी करून बघा.

पैशाचा हिशेब असा करावा. वेल्डिंग, डीपी, बोल्ट काढणं, सर्फेसिंग, बोअरिंग, दोन पिस्टन-रिंगा, गास्केट आणि सील: हे सगळं एका कागदावर मांडा, फक्त वेल्डिंगचा दर ऐकून खूश होऊ नका. वेल्डिंग हा यातला लहान भाग असतो. बेरीज नव्या जोडीच्या निम्म्यावर गेली, तर माझं मत स्पष्ट नव्या जोडीकडे आहे. बोअर मापात असेल आणि फक्त जॅकेटची भिंत फुटली असेल तर दुरुस्तीचाच कौल, कारण तिथे पिस्टन आणि बोअरिंगचा खर्च गळून पडतो.

आणि ब्लॉक परत बसवण्याआधी तो का तडकला ते शोधलंच पाहिजे. थंड देशांत पाणी गोठून ब्लॉक फुटतात, इथे तो प्रकार नाही. इथे बहुतेक वेळा गुन्हेगार इम्पेलर (थंडाव्याचं पाणी वर ढकलणारं रबरी पात्यांचं चक्र) किंवा बंद झालेली पाण्याची जाळी. जुलै २०१९ आणि ऑगस्ट २०२४ च्या पुरांत विश्वामित्री नदीचं पाणी जसं वस्त्यांत शिरलं, तशा पाण्यात गाळ, कापड, प्लास्टिकच्या पिशव्या असतात. जाळी बंद होते, इंजिनातून मागे बाहेर पडणारी पाण्याची धार थांबते, इंजिन तापतं. चालवणारा थांबून पिशवी काढतो आणि लगेच दोरी ओढतो. तापलेल्या कास्टिंगवर गार पाणी पडतं आणि भिंत चरकन फाटते. धार थांबली की इंजिन बंद करून अर्धा तास तरी निवू द्यायला हवं. बचावकामात ते जमत नाही, म्हणून दुसरं इंजिन बरोबर असावं. बुडालेलं इंजिन प्लग न काढता सुरू करायचा प्रयत्न हेही एक कारण: सिलिंडरमधलं पाणी दाबलं जात नाही, मग रॉड वाकतो किंवा ब्लॉक फुटतो.

इम्पेलर नवा टाकाच, आणि जुन्याची पाती मोजा. एक तुटलेली असेल तर तो रबराचा तुकडा वरच्या पाण्याच्या वाटेत कुठेतरी अडकलेला आहे. तो सापडेपर्यंत इंजिन जोडू नका. नाहीतर वेल्ड केलेला ब्लॉक त्याच जागी पुन्हा तापेल. थर्मोस्टॅट गरम पाण्यात टाकून उघडतो का ते बघा, आतले ॲनोड निम्मे झिजले असतील तर बदला.

क्रँककेसच्या सांध्याला कागदी पॅकिंग लावायचं नसतं. सीलंटचा पातळ, एकसारखा थर, तोही बोल्टच्या भोकांपासून आणि बेअरिंगपासून अंतर ठेवून. बोल्ट मधून बाहेरच्या दिशेने, मॅन्युअलच्या क्रमाने, आधी निम्म्या टॉर्कला आणि मग पूर्ण. अंदाजाने आवळणारा हात कितीही अनुभवी असला तरी इथे टॉर्क रेंच लागतेच. खाऱ्या पाण्याच्या इंजिनाला बोल्टवर मरीन ग्रीस लावा. जोडल्यावर प्रोपेलर काढून पिंपात चालवा, पाणी गिअरकेसच्या वरच्या आडव्या प्लेटच्या वर असू द्या. धार पहिल्या मिनिटाभरात दिसली पाहिजे. पिंपातलं पाणी लवकर तापतं, ते बदलत राहा. इन्फ्रारेड थर्मामीटर दोन्ही सिलिंडरच्या हेडवर धरा. दोघांत ठळक फरक दिसला तर एका बाजूची पाण्याची वाट अडली आहे. नवीन पिस्टन टाकले असतील तर पहिली दहा मिनिटं अगदी सावकाश, पहिला तास अर्ध्या थ्रॉटलच्या वर नाही, दुसऱ्या तासात पाऊण, आणि पुढचे आठ तास पूर्ण थ्रॉटल पाच मिनिटांपेक्षा जास्त सलग नको. या दहा तासांत पेट्रोलमध्ये ऑइल नेहमीच्या दुप्पट. पहिल्या तासानंतर इंजिन पूर्ण थंड करून हेडचे बोल्ट पुन्हा तपासा.

वेल्डची लेखी हमी इथे सहसा मिळत नाही, आणि डायकास्टवर ती मागणं रास्तही नाही. मागायचं ते प्रेशर टेस्टचा दाब आणि वेळ बिलावर लिहून. वेळेचं म्हणाल तर ब्लॉक जानेवारी ते मार्चमध्ये टाका. मेअखेरीला पावसाळ्याआधीची पंप-मोटारींची कामं गर्दी करतात, आणि पाऊस सुरू झाल्यावर हवेतला ओलावा ॲल्युमिनियमच्या वेल्डमध्ये छिद्रं वाढवतो. तेव्हाच करावं लागलं तर सळई कोरड्या डब्यातून काढलेली हवी आणि ब्लॉक ओव्हनमधून थेट वेल्डिंगच्या टेबलावर गेला पाहिजे, मध्ये रात्रभर शेडमध्ये पडून राहता कामा नये.